जमिनीवर बसायला मनाई

अहो,

आज घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून मला कुणी एकटं सोडलंच नाही. नितीन, नाही तर सूनबाई, नाही तर शेजारच्या शकुंतला वहिनी, नाही तर नितीननं ठेवलेली ती बाई. मी संडासात गेले तरी बाहेरून आवाज, "झालं का? कडी लावू नका हं!" आज सकाळी सगळे आपापल्या वाटेनं गेले आणि घर एकदम गप्प झालं. मला वाटलं होतं, एकटी सापडले की पोटभर रडून घेईन. रडू आलंच नाही. तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

मायना काय घालायचा इथेच अडले बघा. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली? कारखान्याच्या क्वार्टरमधून तुम्ही शिफ्टला जायचात आणि शिफ्ट संपली की यायचात. 'अहो' एवढ्यावर संसार निभला. आता दुसरं काय म्हणू?

तुम्ही मला पाहायला आलात तो दिवस आठवतो? तुमची बस लवकर आली आणि आमच्याकडे कुणी तयार नव्हतं. मी अंगणातून ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन घरात शिरत होते. समोर तुम्ही, सासूबाई आणि मामा. पोतं टाकून पळावं तर ज्वारी सांडेल! तशीच ताठ चालत आत गेले. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी कामाची आहे." तुम्ही मात्र लग्नानंतर कबूल केलंत, मला भीतीच वाटली होती.

खरंच होती मी तशी. क्वार्टरमध्ये गॅसचं सिलिंडर आलं की मी ते खांद्यावर घेऊन जिना चढायची. तुमचे मित्र तुम्हाला चिडवायचे, "पाटील, भाभी को मशीन पे भेज दो, तुम घर बैठो." तुम्ही हसायचात, पण कान लाल व्हायचे. मला कुणाला 'जरा हात लावा' म्हणायची कधी सवयच नव्हती. उचलायचं आणि चालायचं. एवढंच मला येत होतं, आणि त्याचा गर्वही होता हो मला.

मग खुबा दुखायला लागला. आधी पायऱ्या चढताना, मग चालताना, मग नुसतं पडल्या पडल्यासुद्धा. आत कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखं दुखायचं. तुम्ही रिटायर झालात, आपण शाहपूरला हे घर बांधलं, मागे केळीच केळी, हवा मोकळी, आणि मी त्या मोकळ्या हवेत लंगडत होते. इंदूरच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, सांधा झिजून गेलाय, बदलावा लागेल. मी नाही म्हटलं. वर्षभर नाही म्हटलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुझ्या कण्हण्यानं मला झोप येत नाही. माझ्यासाठी कर." असं कुणी सांगतं का? नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीत.

दुखणं गेलं, हे खोटं नाही. पुसून टाकल्यासारखं गेलं. पण घरी सोडताना त्या डॉक्टरनं काय काय सांगितलं! "माताजी, नीचे नहीं बैठना, पालथी मारकर नहीं, उकडूं नहीं, पैर पर पैर नहीं, झुकना नहीं, वजन नहीं उठाना." भरलेली बादली नाही, सिलिंडर नाही, पिठाचा डबा नाही, नात आली तर तिलाही नाही. मी विचारलं, "मग राहिलं काय, साहेब?" तो हसून म्हणाला, "चलिए ना, जितना मन करे."

चलिए! कुठे चलिए? स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात. खाली पडलेली भेंडी उचलायची नाही, आणि म्हणे चलिए.

आणि तुम्ही! नोकरीत कधी एवढं काम केलं नसेल तेवढं माझ्या मागे लागून केलंत. पलंगाखाली विटा लावून तो उंच केला. आता जिच्यावर बसून लिहितेय त्या खुर्चीच्या पायांना ठोकळे ठोकले. ओट्याखालचं सगळं वर आणलं आणि खालच्या कपाटांना चक्क सुतळी बांधली, मी उघडू नये म्हणून. देव खालच्या चौरंगावर होते, ते भिंतीवरच्या फळीवर गेले. गळ्यात फोनची पिशवी अडकवलीत, शाळेच्या पोराला ओळखपत्र अडकवतात तशी. रात्री पायांमध्ये उशी, कुशीवर वळायचं तर आधी तुम्हाला उठवायचं. दिवसभर एकच आवाज, "वाकू नकोस!" मी नुसती मान खाली घातली तरी, "वाकू नकोस!"

सगळ्यात जास्त लाज मला चपलांची वाटायची. तुम्ही माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्या पायात चप्पल घालायचात. दारासमोरून शकुंतला वहिनी जायच्या आणि मी म्हणायची, "आत घाला ना, कुणी पाहील." तुम्ही मुद्दाम उंबऱ्यात बसायचात. म्हणायचात, "पाहू दे. पट्टा नीट बसला का सांग."

मला या घरात कोंडल्यासारखं व्हायचं हो. बाहेरून कडी नव्हती, दार सताड उघडं असायचं, तरी कोंडल्यासारखं. घरातली अर्धी जागा माझी राहिलीच नव्हती. गुडघ्याच्या खाली जे काही होतं, ते सगळं दुसऱ्याचं. फरशीवर काय सांडलंय ते दिसायचं आणि पुसता यायचं नाही. तुळशीला पाणी घालता यायचं, तिच्या बुंध्याशी उगवलेलं गवत उपटता यायचं नाही. तुम्ही उपटायचात, पण मुळासकट कुठे उपटायचात? वरवर!

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आपल्या दारच्या ओट्यावर उडदाचे पापड लाटायला जमल्या. दरवर्षी त्यांच्यात मी मधोमध. पीठ कुटायला माझाच हात लागायचा. या वर्षी त्या खाली गोल करून बसल्या आणि मी खिडकीत उभी. तुम्ही विचारलंत, "चहा करू का?" आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्ही मला माणूस ठेवलं नाही. कपाटातली बाहुली करून ठेवलं."

तुम्ही म्हणालात, "बाहुली एवढं बोलत नाही." आणि बाहेर गेलात. मला वाटलं, रागावले. तर काय, पाच मिनिटांत जेवणाचं टेबल ओट्यावर! शकुंतला वहिनींना एका बाजूनं धरायला लावलं होतं. पोळपाट त्याच्यावर ठेवून सगळ्यांना सांगितलंत, "तिला जमिनीवर बसायची मनाई आहे, पापड लाटायची नाही. दोघीतिघी वर या." बायका हसून हसून बेजार झाल्या. उभ्यानं पापड लाटले आम्ही. वेडेवाकडे झाले, पण झाले.

त्याच महिन्यात तो दिवस आला.

शाहपूरचा बाजार होता. गल्ली रिकामी. शकुंतला वहिनीसुद्धा पिशव्या घेऊन गेलेल्या. ऊन असं की मागच्या अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून तुम्ही बादली घेऊन मागे गेलात. मी म्हटलं, "अर्धीच भरा." तुम्ही म्हणालात, "तू नको शिकवू." हे आपलं नेहमीचंच.

बादलीचा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर नाही. काठी घेऊन मागच्या दारात आले तर तुम्ही अंगणाच्या मधोमध आडवे, बादली भिंतीपाशी, आणि पाणी वाहून जायच्या आतच वाळत होतं. मला वाटलं, घसरलात. जवळ आल्यावर तोंड पाहिलं. एका बाजूनं ओघळलेलं. उजवा हात तुमचा नसल्यासारखा पडलेला. तुम्ही उठायला बघत होतात आणि अर्धं अंगच हलत होतं.

गळ्यातल्या फोनवरून मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता नीट सांगितला, तुम्ही पाठ करून घेतला होता तसाच. शकुंतला वहिनींचा फोन वाजत राहिला, बाजारात कुठला ऐकू जायला. मग मी ओरडले. "कोण आहे का?" भिंतीपलीकडे केळी, त्याच्यापुढे केळी. त्या दिवशी मला कळलं, आवाजसुद्धा अडतो केळीत. पाच पावलांवर पत्र्याखालची सावली होती. पाच पावलं! एके काळी मी तुम्हाला पाठीवर घेऊन गेले असते.

तुम्ही डोळ्यांनी मला धरून ठेवलं होतं. बोबडं बोललात, पण मला कळलं. "वाकू... नको."

त्याही वेळेला तेच!

मी दोरीवरची चादर ओढली आणि दोन्ही हातांनी ती तुमच्यावर धरून उभी राहिले, सावली पडावी म्हणून. काठी पडली होती, ती उचलता येत नव्हती. किती वेळ उभी होते ते आता सांगता येत नाही. हात भरून आले, चादर खाली येऊ लागली, तुमच्या तोंडावरची सावली सरकत गेली. खालून फरशी भाजतेय आणि मी वरून सावली धरतेय, याचा काय उपयोग, हे कळायला मला एवढा वेळ का लागला? हे मी रोज स्वतःला विचारते. तुम्हाला पण विचारते. त्या डॉक्टरची भीती होती की तुमची? तुम्ही रागवाल, याची?

मग मी चादर तुमच्या अंगाशेजारी टाकली, मागच्या दारापाशी असलेली प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली, तिला धरलं, आणि चांगल्या पायाचा गुडघा खाली टेकवला. गुडघा असा भाजला की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा पाय सरळ मागे राहू दिला. खुर्ची सोडली आणि बसले. धपकन बसले. वाटलं, आता आतून आवाज येईल, काहीतरी निखळेल. नाही आला.

तुम्हाला कुशीवर वळवलं, पाठीखाली चादर सारली आणि परत चादरीवर घेतलं. पाय पसरून बसले, तुमच्या डोक्याकडचं चादरीचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलं, आणि मागे सरकले. सरकायचं, ओढायचं. सरकायचं, ओढायचं. केवढे जड झाला होतात हो! ज्वारीचं पोतं निदान कण्हत तरी नाही. कशीबशी पत्र्याखाली आले. तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

तुम्ही वर पाहिलंत. म्हणालात, "बस-ली-स." आणि अर्ध्या तोंडानं हसलात.

त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. मीच बोलत राहिले. पापड किती फुलले, शकुंतला वहिनी आत्ता येतील, नितीनला फोन करते, काहीबाही. तुमच्या डाव्या हातानं माझं बोट धरलं होतं. पुढचं दार आतून बंद, आणि ते उघडायला मला उठता येत नव्हतं. आपण दोघं आपल्याच अंगणात अडकलो होतो. तरी सांगू का, रागवणार नसाल तर? या घरात आल्यापासून मला पहिल्यांदा वाटलं की मी जागेवर आहे. तुमच्या बरोबरीनं, खाली.

शकुंतला वहिनींना पुढून हाक देऊन कुणी ओ देईना, म्हणून त्या केळीतून वळसा घालून मागच्या फाटकातून आल्या. आपल्याकडे पाहून पिशवीच टाकली त्यांनी. "अरे देवा! दोघं बी पडले का काय वो?" त्यांच्या पाठोपाठ ॲम्ब्युलन्सवाले आले. मला धरायला धावले, तर मी त्यांच्यावर ओरडले, "मला नाही! त्यांना उचला!"

बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तुम्ही काही दिवस होतात. मला काचेतून दाखवायचे. माझ्या खुब्याचाही फोटो काढला त्यांनी. सांधा जागच्या जागी होता. नितीन पुण्याहून गाडी चालवत आला तो आधी तुमच्याजवळ रडला आणि मग माझ्यावर चिडला. "आई, सांधा निखळला असता तर? दोघांना कुठे कुठे पाहिलं असतं मी?" त्याचं चुकलं नव्हतं. तो घाबरला होता.

तुम्ही गेलात ते मी काय लिहू? ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते लिहिते.

तुम्हाला घरी आणलं आणि पुढच्या खोलीत जमिनीवर ठेवलं. सगळ्या बायका भोवती खाली बसल्या. मला ठोकळेवाल्या खुर्चीत बसवलं. सगळ्यांच्या वर. लग्नात वरमाईला बसवतात तशी! तुमचं तोंड माझ्या पायांपासून हातभर लांब होतं आणि माझा हात पोचत नव्हता. मी म्हटलं, "मला खाली बसू द्या." नितीन म्हणाला, "आई, नको." मी म्हटलं, "मला त्यांच्या तोंडावरून हात फिरवायचाय." सूनबाईनं माझ्या वतीनं हात फिरवला. माझ्या वतीनं! गळ्यात पडून रडायला आलेल्या बायका माझ्या गुडघ्याला मिठी मारून रडल्या. मी वरून त्यांच्या डोक्यावर हात ठेवत राहिले, जसं काही मीच त्यांचं सांत्वन करतेय. तुम्हाला उचलून नेलं तेव्हाही मी खुर्चीतच होते.

अंगणात बसले होते ना मी तुमच्यासाठी? मग त्या दिवशी का नाही बसू दिलं? कुणाला जाब विचारू?

त्यानंतर घराचा तुरुंग पक्का झाला. तुमच्या पहाऱ्यात निदान थट्टा होती. नितीनच्या पहाऱ्यात फक्त भीती. मागच्या दाराला त्यानं कुलूप घातलं. बाई ठेवली, ती माझ्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घ्यायची. "अम्मा, आप बैठो ना." बैठो, बैठो! बसून बसून माझं नवं हाडही गंजेल असं वाटायचं. पावसाळाभर मी खिडकीत बसून केळी वाढताना पाहिली. आता ती भिंतीच्या वर आलीत आणि आभाळाची पट्टी तेवढी उरलीय. नितीन दर फोनवर म्हणायचा, "पुण्याला चल. इथे लिफ्ट आहे. तुला काही उचलायचं नाही, काही करायचं नाही." मी मनात म्हणायची, तेच तर.

व्यायाम शिकवायला बऱ्हाणपूरहून अर्पिता यायची, ती तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला प्रत्येक वेळी पेरू द्यायचात. एकदा बाई भाजी आणायला गेली होती तेव्हा मी तिला विचारलं, "मी जमिनीवर गेले तर वर येऊ शकते का?" मला वाटलं, हीसुद्धा ओरडेल. ती म्हणाली, "काकू, मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. पण पडलात तर उठायचं कसं, ते यायलाच पाहिजे. आता हाड भरलंय. डॉक्टरांना विचारून घेते, मग शिकवते."

आणि शिकवलं. रोज सकाळी, सतरंजी टाकून. कुशीवर वळायचं, चांगली बाजू खाली. मग हातागुडघ्यांवर यायचं आणि रांगत खुर्चीपर्यंत जायचं. हो, रांगत! या वयात! मग हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे रोवायचा आणि जोर द्यायचा. पहिल्यांदा मला जमलंच नाही. सतरंजीवर पालथी पडून राहिले आणि अर्पितासमोर ढसाढसा रडले. शकुंतला वहिनी बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "वहिनी, मी त बिना ऑपरेशनची उठू नाही शकत अशी. तुम्ही काहून रडता?" आणि खरंच त्या शेजारी आडव्या झाल्या आणि उठता उठता लुडकल्या. रडता रडता हसू आलं मला. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा.

नंतर जमलं. एक दिवस वर आले आणि उभी राहिले. कुणी धरलं नव्हतं.

परवा नितीन आला. बरोबर मोठी बॅग आणली होती. माझ्या साड्या त्यात भरायला लागला. मी म्हटलं, "मी येणार नाही." तो म्हणाला, "आई, हट्ट नको करू प्लीज. पप्पांसारखी तू इथे एकटी पडलीस तर?"

मी म्हटलं, "पप्पा एकटे नव्हते पडले. मी होते."

त्याच्या हातातली साडी तशीच राहिली. मग मी सतरंजी टाकायला लावली. "मागे उभा राहा आणि हात लावू नकोस," म्हटलं. खुर्ची धरून गुडघा टेकवला आणि खाली गेले. तो "आई! आई!" करत दोन्ही हात पसरून उभा, जसं काही मी गच्चीवरून उडी मारतेय. खाली जाऊन मी आडवी झाले. वरचं छत पाहिलं. आपल्या पंख्यावर केवढी धूळ आहे हो! मग वळले, रांगले, पाय रोवला आणि उठले. दम लागला. केस सुटले. पण उठले.

नितीन पलंगाच्या कडेला बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मग त्यानं विचारलं, आजपर्यंत जे कुणीच विचारलं नव्हतं ते. "त्या दिवशी पप्पा काही बोलले का गं?"

मी सांगितलं. 'बसलीस' म्हणाले आणि हसले.

"हसले?"

"अर्धे हसले. पण हसले."

तो आज सकाळी परत गेला. एकटा. बाई सकाळ-संध्याकाळ येईल, शकुंतला वहिनींकडे किल्ली राहील, फोन गळ्यात राहील, ऊन असेल तेव्हा मी मागे जाणार नाही, असं सगळं ठरवून गेला. मागच्या दाराचं कुलूप मात्र स्वतः काढून गेला.

मी सुटले, असं म्हणणार नाही. खोटं कशाला? तुमचे स्वेटर पलंगाखालच्या पेटीत आहेत आणि ती पेटी मला ओढायची नाही. सिलिंडर संपलं तर कुणी येईपर्यंत वाट पाहायची. बादली भरली तर तिच्याकडे नुसतं पाहायचं. हे मरेपर्यंत असंच. कधी कधी दुपारी भिंती अंगावर येतात आणि वाटतं, चूक तर केली नाही ना? पुण्याला निदान नात आहे, माणसांचा आवाज आहे. इथे तुम्ही नाही आणि तुमचा 'वाकू नकोस'पण नाही. कुणाशी भांडू? असं मधेच सोडून जायचं असतं का?

एक सल आहे, तेवढा सांगते. तुमच्या अस्थी तापीत सोडल्या तेव्हा मी घाटाच्या वर गाडीत बसून होते. काच खाली केली होती, पण पायऱ्यांमुळे पाणी दिसत नव्हतं. नितीन ओल्या धोतरानं वर आला आणि म्हणाला, झालं. मला काहीच दिसलं नाही. माझ्यासाठी तुम्ही अजून कुठे पोचलाच नाहीत.

आत्ता नदीला पाणी फार आहे. दिवाळी झाली की ते उतरेल, पायऱ्या उघड्या पडतील. नितीन येणार आहे तेव्हा. अर्पितानं सांगितलंय, उतरताना नवा पाय आधी, चढताना जुना. त्या दिवशी मी तापीवर येईन. पायऱ्यांवर शेवाळ असेल, ओल असेल, तर वरूनच हात जोडीन आणि परत फिरेन. तेवढी समज आहे मला, तुम्ही जीव खाली-वर करू नका. पण पायऱ्या कोरड्या असतील तर थांबणार नाही. शेवटच्या पायरीपर्यंत येईन आणि स्वतःच्या हातानं तुमच्यासाठी पाणी सोडीन. नितीनला आत्तापासून सांगून ठेवलंय, माझा हात धर, पण मला उचलू नकोस.

तुमचीच,
विमल